भुताची दाढ

पाचोडच्या बाजारात शेळ्यांच्या ओळीपलीकडं बद्रीबाबाची सतरंजी पसरली, की गूळ सांडल्यावर मुंग्या याव्यात तशी माणसं गोळा होतात. बाबा नुसत्या बोटांनी दाढ काढतो. चिमटा नाही, सुई नाही, पोरगं साधं ‘आई गं’ म्हणत नाही. लालभडक बोटं तोंडाबाहेर येतात, त्यांत दाढ असते, बाया पदर पसरतात आणि आमचे पदवीधर मोबाइलवर व्हिडिओ काढतात. मी इथल्या शाळेतला मास्तर. मला हात जोडायचे सोडून समोरच्याचे हात बघायची खोड आहे, म्हणून बाबा मला बघितलं की तोंड फिरवतो.

त्या दिवशी खंडेराव नातीला घेऊन आला. खंडेरावची हयात शेळ्या-मेंढरांत गेली. शेळीचा ओठ उचलून, दातांवरून ‘दोन दाती, चार दाती’ असं वय सांगावं तर त्यानंच. सौदा अडला की लोक त्यालाच हाक मारतात. नात अक्षदा माझ्या वर्गातली, दुसरीतली. तिच्या अगदी मागच्या दाढेला कीड लागली होती. गार पाणी लागलं की पोरगी गाल धरून बसायची. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टर मुबश्शिरा यांनी मला बजावलं होतं, “ही कायमची दाढ आहे. आत्ता भरली तर वाचेल.” मी निरोप पोचवला. खंडेराव म्हणाला, “सर, दुधाची हाय. पडंल आपसूक.”

बाबानं अक्षदाच्या तोंडात बघितलं आणि डोळे फिरवले.

“हिच्याआधी इथला दुधाचा दात पडला व्हता का?”

“नाय, महाराज,” खंडेराव म्हणाला.

“दात पडल्याबिगर दाढ उगवली. मग ही आली कुठून? भुताची दाढ हाय ही. पोरीच्या मामाच्या मुळावर आलीय.”

मग मंत्र झाला, मराठी ना संस्कृत, नुसती खिचडी. बाबानं बाटलीतलं तेल दाढेला चोळलं, तोंडात बोटं घातली, डोळे पांढरे केले आणि ‘काढली’. लाल लगद्यासकट फडक्यात गुंडाळून दिली. वर दोन हुकूम: पुडकं उघडायचं नाही, अमावस्येला नदीत सोडायचं. आणि पोरीनं त्या जागी जीभ लावायची नाही, लावली तर भूत जिभेवर बसेल.

अक्कल बघा. दाढ निघाली की नाही हे तपासायचं तर डोळे आणि जीभ एवढंच हाताशी होतं. पठ्ठ्यानं दोन्हीला कुलूप घातलं आणि लोकांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

त्या तेलाला लवंगेचा वास मारत होता. थोडा वेळ बरं वाटणारच. मग ठणका परत आला, आधीपेक्षा जोरात. बाबाचं उत्तर तयारच: “पोरीनं जीभ लावली असंल.” झालं, सगळं घर त्या एवढ्याशा पोरीवर तुटून पडलं. ती शाळेत माझ्यापाशी रडत आली.

“सर, म्या जीभ लावली. पण दाढ तिथंच हाय.”

मला असा संताप आला की शाळा सुटताच तिच्यासोबत तिचं घर गाठलं. खंडेरावला म्हटलं, “पुडकं आण.”

“नगं सर, पोरीच्या मामावर येईल.”

“माझ्यावर येऊ दे. मी उघडतो.”

लाल रंग पाण्यानं निघून गेला. हळद आणि चुना, दुसरं काय. धुतलेला दात मी खंडेरावच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चिमटीत धरला, उलटा केला, उजेडाला नेला.

“सर, हा शेळीच्या करडाचा दात हाय. दुधाचा. आन् पुढचा. ही दाढच नाय.”

मग त्यानं नातीला दारात उजेडाला बसवलं, तिचा गाल बाजूला ओढला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडात नीट बघितलं. दाढ जागच्या जागी होती, मधोमध काळा खड्डा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही मुकुंदवाडीला डॉक्टर मुबश्शिरांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी कीड कोरून औषध भरलं. “थोडक्यात वाचली,” म्हणाल्या.

खंडेरावच्या मनातून बाबाचा प्रश्न जात नव्हता. “पण बाई, दात पडल्याबिगर ही आली कशी?”

“चाचा, सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ दुधाच्या दातांच्या मागं, मोकळ्या जागेत येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. म्हणून घरच्यांना कळत नाही, दुधाची समजून सोडून देतात. तिच्या खाचा खोल असतात, अन्न अडकतं. उगवतानाच दाखवली तर लेप लावून खाचा बुजवता येतात. दुखायची वाट कशाला बघायची?” असं म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाढेला तो लेप लावलासुद्धा.

पुढच्या बाजारी बाबा एका पोराच्या तोंडात हात घालणार, तोच खंडेराव सतरंजीवर चढला.

“आधी हात दाखव. त्यो नाय, दुसरा.”

दुसऱ्या मुठीत लाल लगदा आणि त्यात दात. भोवती सगळे शेळ्यावाले. दात पुसून हातोहात फिरला आणि कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मोतीराम खाटीक तेवढा म्हणाला, “माझ्याकडून करडांच्या मुंड्या नेतो की ह्यो. होमाला लागत्यात म्हणायचा.” बाबा चपला टाकून पळाला. पोलिसांत तक्रार खंडेरावनं स्वतः दिली.

बाबांनो, शेळी घेताना तिचा ओठ उचलता, दात उजेडाला धरून बघता, कुणी फसवू नये म्हणून. मग लेकराला बुवापुढं बसवताना हेच डोळे कुठं गहाण ठेवता? घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर आजच त्याला ‘आ’ करायला सांगा. मागं नवी दाढ दिसली, तर दुखायच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवा. शेळी फसवी निघाली तर पुढच्या बाजारात दुसरी मिळते. अक्षदाला त्या जागी दुसरी दाढ येणार नव्हती.