पंधरावर थांबलेला काटा

मित्रांनो, माझ्या काचेला एक चीर आहे आणि काचेआड एक काटा. रिसोडच्या जानराव पाइप वर्क्समधलं मी जुनं गेज. पाइपात दाब किती, ते सांगणं एवढंच माझं काम. खोटं बोलता येत नाही, म्हणून मी फारसं कुणाला आवडत नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी एक वेल्डिंग मशीन, एक हातपंप आणि मी, एवढ्या भांडवलावर जानरावांनी कंपनी काढली. बोर्डावर कंपनी, खाली टिनाचं शेड! पण नियम पक्का. पाइप जोडले की आत पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा आणि अर्धा तास माझ्यासमोर बसायचं. काटा हलला नाही, तरच वाफ सोडायची. तेव्हा मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. पुढे कामं वाढली आणि मला नटबोल्टांच्या डब्यात फेकलं. चीर तिथलीच.

गेल्या महिन्यात एका तेलगिरणीत वाफेची लाइन टाकली. कंपनी आता जानरावांची मुलगी धम्मदीपा बघते. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी लाइनीचं उद्घाटन होतं. फोटो झकास यावेत म्हणून फोरमन मदनसिंगनं तपासणीआधीच पाइपांवर उष्णता धरून ठेवणारी काचलोकर गुंडाळून चकचकीत पत्रा चढवला. अरे, काय ही अक्कल! पाइप गळला तरी पाणी लोकर पिऊन टाकते. बाहेर थेंब दिसत नाही.

पाणी भरून दाब पंधरा किलोवर नेला. अर्ध्या तासात माझा काटा चौदावर आला.

"पाणी कुठीच नाही ताई. गेज म्हतारं झालं, फेका भंगारात," मदनसिंग म्हणाला.

बत्तीस वर्षं खरं सांगितलं, आणि एका फोटोपायी मी म्हातारं!

धम्मदीपा घुटमळली. नेमाप्रमाणे माझ्यासमोर बसलेले जानराव उठले. "याले त्या बंद तुकड्यावर लाव बरं."

दोन्ही तोंडं बंद असलेल्या पाइपाच्या तुकड्यावर मला बसवलं. पंधरा किलो. अर्धा तास. काटा तसूभर हलला नाही. म्हणजे दोष माझा नव्हता, लाइनीचा होता.

"आता बोल! याच लाइनीखाली बेबीताई पोते शिवते. वाफ आंगावर आली तं तू उभा राहशीन का तिच्या जागी?" जानराव मदनसिंगला म्हणाले.



"पत्रा काढा," धम्मदीपा म्हणाली. "उद्घाटन गेलं उडत!"

सातव्या जोडाखालची लोकर चिंब निघाली. जोडाला सुईएवढं भोक. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा पाणी, पुन्हा पंप. अर्धा तास सगळे माझ्यासमोर बसले. काटा पंधरावरच राहिला. धम्मदीपा हसायला लागली.

बेबीताई पोती बाजूला सारत आली. "काहून काढला वो पत्रा? म्या त्याच्यात पाहून केस इंचरत होतो."

"तुह्याचसाठी काढला, बाई," जानराव म्हणाले.

तिनं वाकून ते भोक बघितलं. मग पदरानं माझी काच पुसली. "आता याच्यातच पाहतो."

मित्रांनो, कित्येक वर्षांनी कुणी मला पुसलं. माझी काच अशीच पुसत जा, नटबोल्टात कोंबू नका. आणि काटा खाली आला, तर आधी पाइप उघडा. मला शिव्या नंतर द्या.