बगळ्यांची थाळी

इंजिनिअरने उठून खिडक्यांचे पडदे ओढले, दिवाणखान्यातले दिवे घालवले आणि खिशातून बोटभर लांबीची बॅटरी काढली. टेबलाभोवती बसलेल्या सभासदांचे हात नकळत आपापल्या भांड्यांवर गेले.

"घाबरू नका, याने काही होत नाही," तो हसत म्हणाला. "नुसता जांभळा उजेड आहे. चिनीमाती अखंड असेल तर याच्याखाली गप्प बसते. कुठे सांधलेलं असेल, वरून रंग लावलेला असेल, तर तेवढी जागा चमकते. मग कितीही सफाईने केलेलं असू दे."

"वा," जज्जसाहेब म्हणाले. त्या 'वा'मध्ये फारसा जीव नव्हता.

दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या कवळीवाल्यांनी हातातला पेला मांडीवर घेतला. पेला त्यांचा स्वतःचा होता, पांढराशुभ्र, अंड्याच्या टरफलाइतका पातळ, आणि निर्दोष. त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती टेबलावर मांडलेल्या बाकीच्या भांड्यांची, कारण त्यांतली निम्मीअधिक त्यांच्याच हातांखालून गेलेली होती.

जुनी चिनीमाती जमवणाऱ्यांचं हे मंडळ. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी कुणा एकाच्या घरी जमायचं, प्रत्येकाने एकेक चीज आणायची, मऊ कापडावर ठेवून हातोहात फिरवायची, मग चहा आणि गप्पा. सभासद बाराच. एक जागा रिकामी झाल्याशिवाय तेरावा माणूस आत घ्यायचा नाही, असा नियम. कवळीवाले अकरा वर्षं येत होते ते पाहुणे म्हणून. पाहुण्याने भांडी पाहायची, हाताळायची नाहीत, आणि विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. आज मात्र जज्जसाहेबांनी शब्द दिला होता. पुढेमागे जागा झालीच तर पहिला हक्क कवळीवाल्यांचा, एवढं तरी आज वहीत लिहून ठेवू. त्यासाठी तो पेला आणला होता. सकाळी बायकोने सदरा स्वतः इस्त्री करून दिला होता.

कवळ्या करणं हा त्यांचा धंदा. कुणाला ओळखू न येणारे दात लोकांच्या तोंडात बसवायचे. पांढऱ्या रंगाच्या चाळीस छटा ते नुसत्या नजरेने सांगत. ही कीर्ती मंडळात पोचली, आणि मग एकेक सभासद, एकेकटा, टॉवेलात किंवा उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून त्यांच्या कामाच्या खोलीशी येऊ लागला. जज्जसाहेबांच्या फुलदाणीची मान. कापडवाल्यांच्या किटलीची चोच. कुणाची कानतुटकी कपबशी. प्रत्येक जण जाताना दारातून मागे वळून एकच वाक्य म्हणे, "आपल्या दोघांतच राहू दे हं." आणि प्रत्येकाला वाटे, ही वेळ फक्त आपल्यावरच आली.

कारण दुसराही एक नियम होता, सगळ्यांत जुना. मंडळात आणायची चीज अखंड हवी. सांधलेली चीज अखंड म्हणून दाखवली, तर सभासदत्व त्याच दिवशी संपलं.

"डावीकडून सुरू करू या," इंजिनिअर म्हणाला. दोनच महिन्यांपूर्वी तो सभासद झाला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्याच्या डावीकडे चिटणीसबाई बसल्या होत्या. मंडळाचे चिटणीस चार वर्षांपूर्वी गेले आणि त्यांची जागा बायकोला मिळाली. जागा मिळाली म्हणजे काय, तर चहा कुणी करायचा हा प्रश्न मिटला. बाई दर महिन्याला ज्याच्या घरी बैठक असेल तिथे तासभर आधी येत, कप विसळून ठेवत, शेवटी कापडांच्या घड्या घालत. तेवढ्यात कधीतरी आपली एखादी चीज टेबलावर ठेवत. आज त्यांनी निळ्या बगळ्यांची थाळी आणली होती. चिटणीसांचा जीव होता त्या थाळीवर.

कवळीवाले खुर्चीत पुढे सरकले. जाण्याआधीच्या उन्हाळ्यातले चिटणीस त्यांना आठवले. खोलीत येऊन स्टुलावर बसले होते, मांडीवर उशीचा अभ्रा, त्यात थाळीचे तीन तुकडे. "माझ्याच हातून पडली हो. हात थरथरतात आता. बाईला कळता कामा नये," असं म्हणाले होते. कवळीवाल्यांनी त्या कामाला पंधरा दिवस घेतले होते. एवढं चांगलं काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही.

जांभळा उजेड थाळीवर पडला. काठापासून एक फिकट पिवळी रेघ निघाली, बगळ्याच्या मानेवरून खाली आली आणि चित्रातल्या पाण्यात दोन वाटांनी फुटली.

इंजिनिअरनेच आधी तोंड उघडलं.

"बाप रे! आणि मी ही थाळी मघाशी हातात घेऊन बघितली! हे केलंय कुणी? असला कारागीर मी अजून पाहिला नाही."

टेबलाभोवती आज दहाच माणसं होती आणि त्या दहांतल्या सात जणांना उत्तर माहीत होतं. कापडवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. जज्जसाहेब छताकडे बघत राहिले. दाराजवळच्या खुर्चीकडे कुणीही, चुकूनसुद्धा, पाहिलं नाही.

"बाई," जज्जसाहेब शेवटी म्हणाले. आवाज त्यांनी मऊ ठेवला होता, खुर्चीवर बसून आयुष्यभर ठेवला तसा. "तुम्हाला याची कल्पना नसणार. नसेल तर गोष्ट वेगळी. तसं सांगा, म्हणजे विषय संपला."

चिटणीसबाईंनी पदर सारखा केला.

"कल्पना होती," त्या म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी मान वर केली.

"होती?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"हो. आज आणायला नको होती. पण त्यांना जाऊन आज चार वर्षं झाली. म्हटलं, चार माणसांत त्यांची थाळी असू दे."

"पण कारागीर कोण?" इंजिनिअरचं तिथेच अडलं होतं. "इथलाच आहे का? मला गाठ घालून द्या."

बाईंनी थाळीचा काठ बोटाने पुसला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"बाहेरगावचे होते कुणीतरी. नाव आता आठवत नाही."

बोलताना त्यांनी कवळीवाल्यांकडे पाहिलं नाही. त्यावरूनच कवळीवाल्यांना कळलं, यांना सगळं माहीत आहे. त्यांना म्हणावंसं वाटलं, मीच सांधली ती. आणि तुमची फुलदाणी, साहेब, आणि तुमची किटली. लावा तो दिवा, होऊ दे एकदाच. उठायला म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला. मांडीवरचा पेला कलंडला, तो त्यांनी झटकन दोन्ही हातांनी सावरला. पेला सावरला आणि ते बसूनच राहिले.

"बरं, पुढे जाऊ," म्हणत इंजिनिअरने बॅटरी कापडवाल्यांच्या किटलीकडे वळवली.

कापडवाल्यांनी किटली उचलून पोटाशी धरली. "अहो, चहा गार होतोय तिकडे!"

"आणि पुरे झालं हे," जज्जसाहेब उठून दिव्याच्या बटणाकडे गेले. "आपण इथे आनंदासाठी जमतो, झडत्या घ्यायला नाही. सभासदाचा शब्द हा शब्द असतो. पडदे उघडा."

पडदे उघडले. दुपारचं ऊन पुन्हा टेबलावर आलं आणि सगळी भांडी पुन्हा एकसारखी सुंदर दिसायला लागली. थाळीसुद्धा.

मग वही उघडली गेली. जज्जसाहेबांनी नियम वाचून दाखवला. वाचता वाचता थांबून म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. हे तुमच्या यजमानांच्याच अक्षरात आहे. त्यांनीच आग्रहाने घातलेला नियम. आपण तो मोडला तर त्यांना काय वाटेल?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"आमच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही."

"नाही, बरोबरच आहे."

कापडवाले हळहळले. प्रामाणिकपणा हाच मंडळाचा पाया, असं कुणीतरी म्हणालं. आणखी कुणीतरी म्हणालं की बाईंनी चहाला मात्र येत राहायचं, त्यात काही नियम आड येत नाही. बाई हसल्या. त्यांच्या नावावर आडवी रेघ ओढताना जज्जसाहेबांनी पट्टी मागून घेतली.

"आता," ते पेनाचं टोपण लावता लावता थबकले आणि पहिल्यांदाच दाराकडे वळले, "योगायोग बघा. जागा झालीच आहे, तर मग पुढेमागे कशाला? कवळीवाले, तुमची चीज आणा इकडे."

पेला टेबलावर आला. जज्जसाहेबांनी तो उन्हात धरला. त्यांची बोटं पलीकडून दिसत होती. "वा!" ते म्हणाले, आणि हा 'वा' खरा होता. पेला हातोहात फिरला. प्रत्येकाने तो जरा जास्तच वेळ हातात ठेवला, जरा जास्तच कौतुक केलं. अकरा वर्षांत एकाच दिवसात कुणी त्यांच्याशी इतकं बोललं नव्हतं.

"कवळीवाल्यांच्या बाजूने कोण?"

हात वर झाले. एक हात चिटणीसबाईंचाही होता.

कापडवाले त्यांच्या कानाशी वाकले. "बाई, तुम्हाला आता मत नाही."

"अगं बाई, हो की," बाई म्हणाल्या आणि हात खाली घेतला. "सवयीने गेला."

कवळीवाल्यांनी ते पाहिलं. नको म्हणायला अजून वेळ होता. घरी परतताना, आणि त्यानंतरही पुष्कळदा, त्यांनी तो वेळ मोजून पाहिला. चांगला पाऊण मिनिट होता. जज्जसाहेब हात मोजत होते, वहीत तारीख घालत होते, मग वही त्यांच्यापुढे सरकवून सही कुठे करायची ते बोटाने दाखवत होते. कवळीवाल्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

बाई निघाल्या तेव्हा आत चहा ओतायला कुणी नव्हतं, म्हणून थोडा गोंधळ होता. कवळीवाले त्यांच्या मागोमाग दाराशी गेले. बाई भिंतीला हात टेकून चपलेत पाय घालत होत्या. बगलेत कापडात गुंडाळलेली थाळी.

"मी धरतो," ते म्हणाले.

"राहू दे. जमतं मला."

"बाई, मला वाटत होतं, तुम्हाला माहीत नाही. चिटणीस म्हणाले होते, त्यांच्या हातून पडली, तुम्हाला कळू द्यायचं नाही."

बाईंचा पाय चपलेत अर्धा राहिला.

"असं म्हणाले तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "फोडली मी होती. धूळ पुसताना. दोन दिवस जेवले नव्हते मी. आणि तुमच्याकडे येऊन स्वतःचं नाव सांगितलं होय त्यांनी!"

त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. ही गोष्ट त्यांना आज, इथे, या दारात कळत होती. कवळीवाल्यांना वाटलं, आता तरी काहीतरी बोलायला हवं.

"तुम्ही माझं नाव..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हाला तिथे बसायचं होतं," बाई म्हणाल्या. "किती वर्षं बघतेय मी. माझं काय हो, मी चहापुरती." दुसरी चप्पल घालून त्या सरळ झाल्या. "काम मात्र छान केलं होतंत. मी रोज बघायची, मलाही रेघ सापडली नाही कधी."

त्या जिना उतरू लागल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. सोबत जावं असं कवळीवाल्यांच्या मनात आलं, पण आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते वळले तर मागे जज्जसाहेब उभे. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"चला, तुमची जागा आता टेबलाशी," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "या आठवड्यात चक्कर टाकीन म्हणतो तुमच्याकडे. साखरदाणी आहे एक. झाकणाचं बोंड निघालंय."

"या ना," कवळीवाले म्हणाले.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. बायको गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि दारातच विचारती झाली.

"लिहिलं का वहीत?"

"घेतलंच," ते म्हणाले. "सभासद झालो."

"खरंच? आजच?" तिने टाळीच वाजवली. मग त्यांच्या सदऱ्याची बाही उगाच ओढून नीट केली. "पण जागा कशी झाली? कोण गेलं?"

कवळीवाले हात धुवायला मोरीकडे वळले.

"झाली एक रिकामी. वयाची माणसं, जमत नाही मग."

"चिटणीसबाई आल्या होत्या ना? त्यांना किती बरं वाटलं असेल!" माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्याच एकट्या येऊन बसल्या होत्या, हे ती त्यांना नव्याने सांगू लागली. मग मध्येच थांबून म्हणाली, "काय म्हणाल्या?"

नळाखाली त्यांचे हात थांबले.

"छान काम केलं म्हणाल्या."

"बघा!" ती म्हणाली. "थांबा, फोनच करते त्यांना. आत्ता घरी पोचल्या असतील."

ती फोनकडे निघाली. कवळीवाल्यांनी नळ आणखी मोठा केला.