चिठ्ठीत निघालेली बाजू

शाळेच्या वादविवादात बाजू चिठ्ठी टाकून ठरत असे. नववीतल्या टकळीच्या हाती चिठ्ठी आली ती ‘परदेशातलं युद्ध चालूच राहावं’ अशी. लढाईला सातवं वर्ष लागलं होतं. तिथून रजेवर आलेला तिचा सैनिक दादा ‘आता परत जाणार नाही’ म्हणून आईजवळ रडला होता, आणि ही गोष्ट घराबाहेर बोलायची सोय नव्हती.

“बाई, बाजू बदलून द्या ना!”

“चांगला वक्ता कुठल्याही बाजूने बोलतो, बाळ,” बाई प्रेमाने म्हणाल्या.

बोलायला उभी राहिल्यावर मात्र टकळीला जिंकावंसं वाटू लागलं. समोरच्या मुलाने विचारलं, “आणखी किती मेले म्हणजे तुमचं समाधान होईल?” ती ताडकन म्हणाली, “आज माघारी फिराल, तर मेलेल्या सोबत्यांना काय तोंड दाखवाल?”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तिचं भाषण ऐकायला तिसऱ्या रांगेत बसलेला दादा मान खाली घालून उठून गेला.

ती घरी पोचली तेव्हा तो बुटांच्या नाड्या बांधत होता.

“दादा, अरे, ते नुसतं स्पर्धेपुरतं होतं!”

“खरं तेच बोललीस गं,” तो म्हणाला. “माझ्या तुकडीतले अकरा गेले.”

टकळी रडत आईला बिलगली. आईने तिचे हात सोडवले.

“जा, स्टेशनपर्यंत सोडून ये त्याला,” आई म्हणाली. “वाटेत बोल त्याच्याशी. छान बोलतेस तू.”