बिनखोकल्याचा घास

शिंप्याला मेंदूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्याच्या बायकोने कंबर कसली. दवाखान्यातून घरी आणताना सांगितलं होतं, सगळं दाट करून द्यायचं, पातळ काही नको. ती इमानेइतबारे अन्न कुस्करायची, चमचा चमचा भरवायची. पण दोन घास गेले की नवऱ्याला ठसका लागायचा, डोळे पाणवायचे, आणि तो तोंड फिरवायचा.

संध्याकाळी त्याची थोरली बहीण यायची. आई लवकर गेल्यामुळे हिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. ती घरून पातळ सूप आणायची, कारण दाट अन्न त्याच्या घशाखाली उतरत नाही असं तिला वाटायचं. बायकोने एकदा सांगून पाहिलं, पण तोवर वाटी रिकामी झाली होती. ठसका नाही की खोकला नाही.

"ताईच्या हातालाच गुण आहे," शेजारीण म्हणाली. बायकोच्या काळजात चर्र झालं. बावीस वर्षं स्वयंपाक आपण केला, आणि गुण मात्र नणंदेच्या हाताला! पुढे पुढे नणंद आली की ती भांडी घासायला बसायची, आणि जरा जोरातच आपटायची.

मग शिंप्याला ताप भरला. डॉक्टरांनी फुप्फुसात डाग पाहिला आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवलं. तिने आधी दोघींना विचारलं, कोण काय भरवतं. मग शिंप्याला एक्स-रेच्या यंत्रासमोर बसवलं. एक्स-रेत काळं दिसणारं औषध कालवलेला दाट घास दिला. काचेमागच्या पडद्यावर काळा गोळा घशात उतरला, थोडा अडकला, शिंपी खोकला आणि अडकलेलं वर आलं. मग पातळ औषध दिलं. काळी रेघ सुळकन घसरली आणि अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत शिरली. शिंप्याचा चेहरा शांत. खोकला नाही.

"खोकला म्हणजे घशाचा पहारेकरी जागा आहे," थेरपिस्ट म्हणाली. "पातळ काही गेलं की त्याला पत्ताच लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तर मुळीच कळत नाही."

बायकोला आनंद झाला. नवऱ्याच्या फुप्फुसात सूप जात होतं, आणि तिला आनंद झाला. क्षणभरच, पण तिचा तिला कळला, आणि तिने पदर तोंडाला लावला.

नणंद पांढरीफटक पडली. "म्हणजे मीच त्याला..." एवढंच बोलून थांबली. तुम्हाला कुठून कळणार, असं थेरपिस्टने तिला समजावलं. बायको एका शब्दाने बोलली नाही.

त्या दिवसापासून नणंद येईनाशी झाली. ताप उतरला, पण शिंपी खाईना. संध्याकाळ झाली की दाराकडे बघायचा आणि जड जिभेने म्हणायचा, "ताई?" बायको चमचा पुढे करून म्हणायची, मी आहे ना. त्याचा डोळा दारावरून हलायचा नाही. असं बरेच दिवस चाललं. त्याची गालफडं बसली, तेव्हा तिने चपला घातल्या आणि नणंदेचं घर गाठलं.

"वन्सं, चला."

"नको गं. मला आता चमचा धरायचीच भीती वाटते."

"सूप कसं दाट करायचं ते मी दाखवते. भरवायचं तुम्ही." हे म्हणताना तिची जीभ जड झाली. मग तिने तेही सांगून टाकलं, "त्या दिवशी तुम्हाला धीर द्यायला मला बोलता आलं असतं. बोलले नाही."

नणंद चपला शोधू लागली.

घरी बायकोने उशा लावून त्याला ताठ बसवलं, हनुवटी खाली करायला लावली. पहिल्याच घासाला तो खोकला. नणंदेने चमचा मागे घेतला.

"खोकू द्या, वन्सं. थांबा, गिळू द्या, मग पुढचा."

शिंप्याने वाटी संपवली. अर्ध्या तोंडाने बहिणीकडे बघून हसला. बायकोने वाटी उचलली आणि मोरीत नेली. बाहेर दोघं कुठल्यातरी लहानपणच्या गोष्टीवर हसत होती. तिने नळ मोठा सोडला.