कमलाचा मठार

"ओ बाबा, हंडा! लाल झाला बघा!" राही ओरडली, तेव्हा कुठे जानू तांबटाचा भात्यावरचा हात थांबला. चिमट्यानं त्यानं हंडा भट्टीतून ओढला खरा, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, जन्म भट्टीपाशी गेलेल्या माणसाला रंग कळू नये? अहो, त्यानं रंग कधी बघितलाच नव्हता. संगमेश्वराच्या बाजारातल्या त्या दुकानात भाता जानूचा आणि नजर बायकोची, असाच त्यांचा उभा संसार झाला. भांडं पुरेसं तापलं की कमला म्हणायची, "बस!" आणि हा थांबायचा. तिला जाऊन अजून महिना झाला नव्हता. हंडा बुडाशी झिरपत होता, ते भोक बुजवायला नुसता डाग द्यायचा होता. आणि हा वेडा तिच्या हाकेची वाट बघत भाता ओढत राहिला.

हंडाही साधासुधा नव्हे. लेकीसाठी, राहीसाठी, कमलानं स्वतः मठारलेला, तिच्या हातचा शेवटचा. मठारणं म्हणजे थंड तांब्यावर ठोक्याला ठोका भिडवत जाणं. त्या मारानं तांब्याचा कण बारीक होतो, दाट बसतो, पत्रा टणक होतो. आगीत जास्त वेळ राहिला की कण पुन्हा फुगतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

हंडा निवल्यावर जानूनं अंगठा दाबला. डाग धरला होता, पण पत्रा खळगा पडून आत गेला. वर कमलाचे ठोके मात्र जसेच्या तसे, ओळीनं मांडलेले.

"मेला गो हंडा," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला.

"ऱ्हाव दे, बाबा. मी असाच नेतंय. शोभेला ठेवीन. आयशीचा हात तरी दिसंल."

"शोभेचं भांडं तुझ्या आयशीनं जन्मात घडवलंन नाय. पाणी भरलंस तर पोचा येल ह्याला."

"पण तुम्ही मठारलात तर तिचे ठोके जातील."

"जातील," जानू म्हणाला. मग उठला, हंडा लोखंडी खुंट्यावर चढवला आणि बुडापासून सुरुवात केली.

त्याचा एक ठोका पडे आणि कमलाचा एक बुजे. राही हंडा फिरवून देत होती, मध्येच डोळे पुसत होती. दुपार टळली. पोटाचा पत्रा हळूहळू खणखणू लागला. गळ्याशी आल्यावर जानूनं हातोडी खाली ठेवली.

"आयशीच्या ठोक्यांची एक वळ ऱ्हायली, बाबा."

"ऱ्हाव दे. तिथं भार येत नाय."

भरलेला हंडा गळ्यालाच धरून उचलतात. राही तांबटाची लेक, तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं.

"व्हय, बाबा," ती म्हणाली.