अर्धा अर्धा शब्दकोश

“ज्याच्या मुठीत शब्द, त्याच्या मुठीत जग!” थोरल्या साडूने हात उंचावून जाहीर केलं. धाकट्या साडूने तीच मूठ धरून पिरगाळली.

दोघं एकाच बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला, बायका सख्ख्या बहिणी. इंग्रजी पत्रव्यवहार वाढला म्हणून मालकाने सुपरवायझरची एक जागा काढली होती. जड जड इंग्रजी शब्दांची परीक्षा, आज तीन वाजता. थोरल्याला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं. सतरा वर्षं उभं राहून त्याचे गुडघे कामातून गेले होते, आणि सुपरवायझरला खुर्ची मिळते.

नव्याने बांधायला आलेला एक जाडजूड शब्दकोश उसवून पडला होता. पुढचा अर्धा थोरल्याने घेतला, मागचा धाकट्याने. आठ दिवसांनी अदलाबदल ठरली. थोरल्याने आपला अर्धा इमानेइतबारे दिला. धाकट्याने मात्र स्वतःचा काही सोडला नाही.

आता पावणेतीन.

“साडूभाऊ, काढा माझा वाटा!”

“परीक्षा झाली की घ्या. मग वाचा निवांत.”

थोरल्याने त्याच्या पोटात गुद्दा हाणला. शब्दकोश तिथेच होता, शर्टाच्या आत, सगळाच्या सगळा. थोरल्याची दोन बोटं कडकन मोडली.

“बार्बेरियन!” तो किंचाळला.

“स्काउंड्रल!” म्हणत धाकट्याने त्याचं नाक प्रेसच्या दांड्यावर आपटलं. रक्ताची धार लागली.

“डिस्गस्टिंग!” थोरल्याने खळीचा डबा त्याच्या डोक्यात घातला. भुवई फाटून डोळ्यावर लोंबली.

“व्हल्गर!” धाकट्याने टोच्या त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसला. थोरल्याने धाकट्याचा कान दातांत पकडला. पुढचा शब्द अगदी ओठांवर होता, पण तोंड भरलेलं असल्यामुळे राहून गेला.

तीनच्या ठोक्याला मालक आला. रक्तावरून पाय उचलून पलीकडे गेला आणि धाकट्याच्या शर्टातून भिजलेली पानं ओढून काढली.

“हे चार वाजेपर्यंत शिवून ठेवा. ज्यांचा हा शब्दकोश आहे ते गृहस्थ न्यायला येताहेत.”

थोरल्याने कान थुंकला. “आणि परीक्षा, साहेब?”

“आता कशाला? त्यांचं इंग्रजी फर्डं आहे. सुपरवायझर म्हणून त्यांनाच घेतलं.” मालक दारात थांबला. “आणि हो, त्यांची खुर्ची तेवढी पुसून ठेवा.”