माझ्या पोटावरचं नाव

मी एक जुनं खेळण्यातलं इंजिन आहे. पत्र्याचं, काळं, चावीवर चालणारं. मित्रांनो, ज्या घरात मी सत्तर वर्षं राहिलो तिथे मला 'बाबांची गाडी' म्हणतात. वडिलोपार्जित ठेवा म्हणतात. खोटं आहे ते. मी चोरीचा माल आहे.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. लांबलचक बाकावर बसून बायका माझ्यासारख्यांची चाकं लाल रंगवायच्या. माझं चाक रंगवताना एकीला शिंक आली, म्हणून डावीकडच्या मागच्या चाकावर रंगाचा ओघळ आहे. तिथून दुकानात गेलो, आणि दुकानातून बटणांचे व्यापारी लिंडाउअर यांनी मला त्यांच्या मुलीसाठी नेलं. तिचं नाव मार्गो. वय वर्षं सात.

त्या गावात खेळण्यातली गाडी नाताळच्या आधी चार रविवार असताना बाहेर निघते आणि जानेवारीत पुन्हा खोक्यातल्या पेंढ्यात जाते. चालवतो बाप. पोरं हात मागे बांधून बघतात. मार्गोच्या घरी हे असलं काही नव्हतं. ती मला भर जूनमध्ये पळवायची, टेबलाखालून, आजोबांच्या पायांमधून, माझ्यामागच्या डब्यांत सुके आलुबुखार भरून. एकदा तिने शिवणाची सुई घेतली आणि माझ्या पोटावर स्वतःचं पूर्ण नाव कोरलं.

"अगं बये, नवी कोरी वस्तू खरवडतेस?" आई ओरडली.

"चोरीला गेली तर ओळखायची कशी मग?" मार्गो म्हणाली.

लिंडाउअर कुटुंब ज्यू होतं. त्या वर्षांत तिथे एवढा गुन्हा पुरत होता. १९४१च्या थंडीत त्यांना माणशी एक पेटी घेऊन स्टेशनवर यायला सांगितलं. मी पेटीत मावलो नाही. त्यांना ज्या गाडीत बसवलं, ती खरी होती.

दाराला सरकारी सील लागलं. थोड्याच दिवसांत पेपरात जाहिरात आली: घरगुती सामानाचा लिलाव. अंगणात शेजारीपाजारी हातगाड्या घेऊन हजर! याच घरातून कालपरवापर्यंत मीठ उसनं नेणारे. एक बाई उशा दाबून बघत होती.

"पिसं चांगली आहेत हो!"

"असणारच. बाई टापटीप होती, मी नेहमी म्हणायचे."

होती. अजून महिनासुद्धा झाला नव्हता, मित्रांनो.

वरच्या मजल्यावरच्या पोस्टमन क्राउटरने मला आठ मार्कांत घेतलं. नाताळला त्याच्या पोराने, हेल्मुटने, मला उलटं केलं आणि वाचलं.

"बाबा, हे तर मार्गोचं आहे."

"होतं. आता तुझं. पावती आहे माझ्याकडे."

त्या पावतीने त्या घराचं तोंड कायमचं बंद केलं. हेल्मुट मोठा झाला, शाळामास्तर झाला, म्हातारा झाला. दर नाताळला हातमोजे घालून मला तेल देत राहिला. पाहुणे म्हणायचे, "किती जपलंय हो!" हो, जपलं. लोकांना इतिहास शिकवणाऱ्या या माणसाने एक पत्र मात्र कुणाला लिहिलं नाही. मार्गो कुठे गेली, जगली का, तिचं कुणी उरलं का, हे विचारायला त्याला आख्खं आयुष्य मिळालं होतं.

मागच्या वसंतात तो गेला. त्याची मुलं, उटे आणि योर्ग, मला टेबलावर ठेवून भांडायला बसली.

"बाबांची आठवण आहे, विकायची नाही," उटे म्हणाली.

"आठवण तुझ्या माळ्यावर मावते का? मग? मागच्या वेळी शिलाई मशीनही आठवणच होतं. आता त्यावर कुंड्या आहेत!"

शेवटी जुन्या खेळण्यांचे जाणकार फ्लायडरर यांना बोलावलं. त्यांनी मला हातात घेतलं आणि उलटं केलं. दोघा भावंडांनी ते नाव पहिल्यांदा पाहिलं.

"कोण ही?" फ्लायडररांनी विचारलं.

"काय माहीत! पण सगळं रीतसर आहे," योर्ग म्हणाला आणि त्याने खोक्याच्या तळातून पावती काढून दिली. अभिमानाने दिली.

फ्लायडररांनी तारीख वाचली. कागद पालथा ठेवला. "साहेब, तुम्हाला वाटतं ही तुमच्या मालकीची पावती आहे. ही चोरीची पावती आहे. या नावासकट कुठलाही बरा लिलाववाला या गाडीला हात लावणार नाही. आधी त्या घरचं कुणी आहे का, ते शोधा."

ते गेले.

"शोधू या ना," उटे म्हणाली. "एक पत्र तर लिहू."

"आणि कुणी सापडलं तर? द्यायची? बाबांची गाडी?"

मित्रांनो, त्या क्षणी सगळं माझ्या पुढ्यात होतं. तिने फक्त 'हो' म्हणायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहिलं.

"बाबांना लोक चोर म्हणतील रे," ती म्हणाली.

योर्गने गॅरेजमधून पॉलिश पेपर आणला. उटेने मला दोन्ही हातांनी धरलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून अगदी हळुवार. इतकं जपून मला आजवर कुणी धरलं नव्हतं.

दहा मिनिटं लागली.

आता ते मला विकतील किंवा काचेच्या कपाटात ठेवतील. मला फरक पडत नाही. मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. पुसा, तेल द्या, खोक्यात ठेवा. ठीक आहे. पण घरातली जुनी वस्तू हातात घेतलीत की मोठ्यांना विचारा: ही आपल्याकडे आली तेव्हा कुणाच्या घरातून गेली? ते चिडले तर पुन्हा विचारा.

माझ्या पोटावर आता चकचकीत पत्रा आहे, म्हणून तोंडाने सांगतो. मार्गो लिंडाउअर. लिहून घ्या.